टोकियोत एक दिवस: गिन्झा लाईन धरून देवदर्शन आणि खरेदी

आम्ही टोकियोत राहतो, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की एक यादी नेहमी पाहायला मिळते. शिबुयाचा चौक, असाकुसाचं देऊळ, शिंजुकु, टोकियो टॉवर, अकिहाबारा, आणि हे सगळं एकाच दिवसात. ही यादी पुरी करायला निघालात तर अर्धा दिवस भुयारी गाडीत जातो आणि रात्री पाय सुजतात. खरेदीसाठी हातात उरतो जेमतेम तासभर, तोही दुकानं बंद होण्याच्या वेळी.

माझा आग्रह असा, की पहिल्यांदा येत असाल आणि हातात एकच दिवस असेल तर शहराची एकच बाजू धरा. त्यातही पूर्वेकडची, जुन्या वस्तीची धरा. असाकुसा, काप्पाबाशी, उएनो आणि अकिहाबारा ही चारही ठिकाणं गिन्झा लाईन या एकाच मेट्रोला लागून आहेत. आशियातली ही सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे. ३० डिसेंबर १९२७ला ती सुरू झाली तेव्हा जेमतेम २.२ किलोमीटरची होती, असाकुसा ते उएनो एवढीच. तुमचा बहुतेक दिवस त्याच टापूत जाणार आहे. गाडी चुकली तरी चालत जाता येईल इतकी ही ठिकाणं जवळ आहेत.

सोबत काय हवं

- मूळ पासपोर्ट. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगावा असा इथला कायदाच आहे, आणि करमाफीची खरेदीही त्याशिवाय होत नाही.
- सुइका किंवा पासमो, म्हणजे आधी पैसे भरून गाडीचं भाडं देण्यासाठी वापरायचं कार्ड.
- रोख येन. १०० येनची नाणी थोडी जास्त ठेवा.
- परदेशातल्या व्यवहारांसाठी चालू केलेलं डेबिट, क्रेडिट किंवा फॉरेक्स कार्ड. बँकेच्या ॲपमधली ही सोय भारतातून निघण्याआधीच सुरू करा.
- इंटरनेट असलेला फोन, त्यात भाषांतराचं ॲप आणि जपानी भाषा आधीच डाउनलोड केलेली.
- पॉवर बँक, घडी होणारी कापडी पिशवी आणि कचऱ्यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच.
- सवयीचे, पटकन काढता येणारे बूट. नवे बूट या दिवशी घालू नका.

१. आदल्या रात्री: कार्ड आणि पैसे

पर्यटकांसाठी ‘वेलकम सुइका’ नावाचं कार्ड विमानतळावर मिळतं. त्याला अनामत रक्कम नाही, २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून एकदम मोठी रक्कम भरू नका. आयफोन असेल तर सुइका फोनमध्येच घेता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते चालत नाही, तेव्हा त्यात वेळ न घालवता सरळ प्लॅस्टिकचं कार्ड घ्या. स्टेशनवरच्या बहुतेक यंत्रांत पैसे रोखीनेच भरावे लागतात. कार्ड माणशी एक हवं. एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

रोख पैसे सेव्हन-इलेव्हन या दुकानांतल्या एटीएममधून काढा. तिथे परदेशी कार्डं चालतात आणि पडद्यावर इंग्रजीही येतं. यंत्राने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नको म्हणा आणि येनच निवडा. रुपयांतला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

चोवीस तासांचा मेट्रो पास घ्यावा का, असं सगळेच विचारतात. हा पास टोकियो मेट्रो आणि तोएइ या दोन कंपन्यांच्या भुयारी गाड्यांना चालतो, जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांना चालत नाही. आजच्या दिवसात गाडीचे प्रवास इतके थोडे आणि छोटे आहेत की हॉटेल जवळ असेल तर पासाने फार काही वाचत नाही. सुइका पुरे.

२. सकाळी आठच्या आत असाकुसा

फोनमध्ये नुसतं ‘असाकुसा’ टाकू नका. या नावाची दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत. त्सुकुबा एक्स्प्रेसचं असाकुसा स्टेशन देवळाच्या पलीकडच्या अंगाला, गिन्झा लाईनच्या स्टेशनपासून बरंच लांब आहे. असाकुसाबाशी हे तर तिसरंच स्टेशन. तुम्हाला हवं आहे ते गिन्झा लाईनचं जी-१९, म्हणजे नारिंगी रंगाच्या रेषेचं शेवटचं टोक. इथे प्रत्येक स्टेशनला असा अक्षर आणि आकडा असतो. नावं पाठ करण्यापेक्षा आकडे लक्षात ठेवा. दिवसभरासाठी जी-१९, जी-१८, जी-१६ आणि जी-१४ एवढे चार पुरतात.

लवकर या म्हणतो त्यामागे कारण आहे. सेन्सोजी या असाकुसाच्या देवळाचं मुख्य मंदिर सकाळी सहाला उघडतं, थंडीत साडेसहाला. दहा वाजले की देवळाच्या कामिनारिमोन या बाहेरच्या दरवाजासमोर फोटोसाठी उभं राहायला जागा मिळत नाही. त्या दरवाजातला लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलोचा आहे. त्याच्या खाली जाऊन मान वर करून बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. गर्दीत तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, ते साल ६२८, अशी देवळाची आख्यायिका आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी पाहिला असेल, तोच बोधिसत्त्व. इथली मूळ मूर्ती मात्र कोणालाही दाखवत नाहीत. आजचं मुख्य मंदिर १९५८चं आहे, आधीचं १० मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. पूर्वेकडचा नितेनमोन दरवाजा आणि शेजारचं असाकुसा श्राइन, म्हणजे शिंतो धर्माचं देवस्थान, मात्र त्या आगीतून वाचले. दोन्ही सतराव्या शतकातले आहेत. नव्या मंदिराच्या दिमाखात त्यांच्याकडे पाठ फिरवू नका.

दर्शनाची पद्धत सोपी आहे. मोठ्या धूपपात्राचा धूर हाताने अंगावर घ्या, पेटीत नाणं टाका, हात जोडा. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत. शेजारच्या श्राइनमध्ये मात्र दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. १०० येन टाकून भविष्याची चिठ्ठीही काढता येते. डबा हलवला की काठी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडायचा. या देवळात वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात, मन खट्टू करून घेऊ नका. तिथल्याच तारेवर बांधून पुढे चला.

आता एक ठिकाण, जे पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं आणि मी प्रत्येक मराठी पाहुण्याला आवर्जून दाखवतो. नितेनमोनमधून बाहेर पडून नदीच्या दिशेने दहा-बारा मिनिटं चाललात की छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन लागतं. इथला देव कांगितेन, म्हणजे गणपतीचं जपानी रूप. मूर्ती गुप्त असते, त्यामुळे सोंड शोधू नका. ठिकठिकाणी पांढरा मुळा आणि पैशाची थैली कोरलेली दिसेल. इथे नैवेद्य मुळ्याचा. देवळातच मुळा विकत मिळतो आणि लोक तो मनोभावे वाहतात. घरात गणपती बसवणाऱ्या माणसाला इथे जे वाटतं ते कामिनारिमोनसमोरच्या गर्दीत वाटणार नाही. आवाज हळू ठेवा आणि पूजा चालू असताना फोटो काढू नका.

परत येताना नाकामिसे उघडलेली असते. कामिनारिमोनपासून देवळाकडे जाणारी ही साधारण २५० मीटरची दुकानांची गल्ली. पंखे, तांदळाचे कुरकुरीत सेन्बेइ, छोट्या भेटवस्तू इथे घ्या, पण मोठी खरेदी इथे करू नका. खाणं घेतलंत तर त्याच दुकानासमोर उभं राहून खा, चालता चालता खाणं इथे बरं समजत नाहीत. कामिनारिमोनसमोर रस्ता ओलांडला की पर्यटन माहिती केंद्राची लाकडी पट्ट्यांची इमारत आहे, वास्तुरचनाकार केन्गो कुमा यांची. आठव्या मजल्यावरची गच्ची फुकट आहे, स्वच्छतागृह चांगलं आहे आणि वरून नाकामिसे सरळ देवळापर्यंत दिसते.

३. साडेदहाला काप्पाबाशी: स्वयंपाकघराची खरेदी

देवळापासून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चाला. एका इमारतीच्या माथ्यावर उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं प्रचंड डोकं दिसलं की पोचलात. हॉटेलवाल्यांना लागणारं सगळं सामान विकणारा हा सुमारे ८०० मीटरचा रस्ता आहे. सुऱ्या, चिनी मातीच्या वाट्या, लाकडी डबे, साचे, आणि हॉटेलच्या काचेत ठेवतात ते हुबेहूब खोटे पदार्थ. दुकानं दहाच्या सुमारास उघडतात आणि पाच-साडेपाचला बंद होऊ लागतात. बरीच दुकानं रविवारी बंद असतात. रविवार असेल तर हा टप्पा दुसऱ्या दिवशी ठेवा.

सुरी हे इथलं खरं धन. घाईने घेऊ नका. भाजी चिरणाऱ्या घरासाठी नाकिरी नावाची सुरी पाहा, सरळ धारेची आणि रुंद पात्याची. कोबी, मेथी, कांदा तिने सुरेख चिरला जातो. एकच सुरी घ्यायची आणि सगळं करायचं असेल तर सान्तोकु. दुकानदार दोन तऱ्हांचं पोलाद दाखवेल, स्टेनलेस आणि साधं पोलाद. साध्या पोलादाची धार जास्त तीक्ष्ण होते, पण ते गंजतं. आपल्याकडे लिंबू, टोमॅटो, कैरी रोजची आणि सुरी ओली तशीच ओट्यावर राहते. अशा घरात स्टेनलेसच घ्या. एकाच बाजूने धार लावलेल्या सुऱ्या उजव्या किंवा डाव्या हातासाठी वेगळ्या असतात, डावखुरे असाल तर आधी सांगा. नारळ फोडायला, फणस कापायला किंवा हाडांवर या सुऱ्या वापरल्यात तर पात्याचा तुकडा उडेल. १००० नंबरचा धार लावायचा दगडही बरोबर घ्या. घरी गेल्यावर रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर ही सुरी देऊ नका, बारीक धार त्या चाकावर टिकत नाही. अनेक दुकानं पात्यावर नाव कोरून देतात. देवनागरी जमेलच असं नाही, पण कागदावर लिहून दाखवायला हरकत नाही.

सुरी बांधलेल्या डब्यातून बाहेर काढू नका. सबळ कारणाशिवाय सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं रस्त्यावर जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे. हॉटेलवर जाईपर्यंत डबा सीलबंद राहू द्या.

बिडाच्या सुंदर किटल्या दिसतील. घेण्याआधी झाकण काढून आत बघा. आतून गुळगुळीत मुलामा असेल तर ती फक्त चहा मुरवायची किटली आहे, गॅसवर ठेवायची नाही. चिनी माती दुकानदार उत्तम बांधून देतात. भाव मात्र करू नका, लिहिलेली किंमत हीच किंमत. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ताटलीत ठेवा.

४. दुपारचं जेवण, शाकाहारी असाल तर जरा नीट वाचा

मांस नसलेला पदार्थ म्हणजे शाकाहारी, असं इथे नाही. दाशी नावाचं सार, बहुतेकदा वाळवलेल्या बोनिटो माशाचं, जवळपास सगळीकडे असतं. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, आणि भाज्यांच्या तेम्पुराबरोबर (जपानी भज्यांबरोबर) येणारं पातळ बुडवण, सगळ्यात. म्हणून ‘निकु नाशी, साकाना नाशी, दाशी मो दामे’ हे वाक्य फोनवर जपानीत लिहून ठेवा आणि दाखवा. मांस नको, मासा नको, दाशीही चालणार नाही, असा त्याचा अर्थ. आयत्या वेळी समजावून सांगत बसलात तर लहान हॉटेलातला माणूस गोंधळतो. मनातून त्याला मदतच करायची असते.

खात्रीचं हवं असेल तर उएनोच्या पुढच्या ओकाचिमाचीत भारतीय हॉटेलं आहेत, जवाहिऱ्यांचा हा भाग भारतीय व्यापाऱ्यांच्या ओळखीचा आहे. दुकानात मिळणाऱ्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यांत, उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, त्यातल्या त्यात बरी. पण तिच्याही वेष्टनावरचा मजकूर फोनने वाचून घ्या. हिरव्या ठिपक्यासारखी खूण इथे नाही. घरी न्यायच्या गोड पदार्थांतही जिलेटिन किंवा मद्य असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी घेताना तपासा.

५. दोननंतर उएनो

काप्पाबाशीच्या टोकाला तावारामाची, जी-१८ स्टेशन आहे. तिथून दोन स्टेशनांवर उएनो, जी-१६.

राष्ट्रीय संग्रहालय इथेच आहे, १८७२मध्ये सुरू झालेलं आणि फार मोठं. या दिवसात ते कोंबू नका, त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या. सोमवारी ते सहसा बंद असतं. आज फक्त शिनोबाझु तळ्यावर जा. तळ्यातल्या बेटावर बेन्तेनदो आहे, बेन्झाइतेनचं मंदिर. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर तळ्याचा मोठा भाग कमळांनी भरलेला असतो. आवारातल्या शिळा बघा. त्यातली एक सुऱ्यांच्या स्मरणार्थ आहे, एक चष्म्यांच्या. सकाळी घेतलेली सुरी पिशवीत असताना ही शिळा पाहणं मला फार आवडतं.

मग अमेयोको. जेआरच्या रुळांना चिकटून उएनोपासून ओकाचिमाचीपर्यंत जाणारा हा बाजार युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभा राहिला. बूट, खेळाचे कपडे, बॅगा, सौंदर्यप्रसाधनं, सुका मेवा हे सगळं इथे स्वस्त मिळतं, आणि टोकियोतल्या ज्या मोजक्या जागी थोडी घासाघीस चालते त्यांतली ही एक. संध्याकाळी दुकानदार स्वतःच भाव उतरवतात. सुक्या मासळीचा वास सहन होत नसेल तर रुमाल जवळ ठेवा. अमेयोको सेंटरच्या इमारतीच्या तळघरात आशियाई किराणा आहे, मसाले आणि ओल्या भाज्यांसकट. कपड्यांचे आकार आपल्यापेक्षा लहान असतात, घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं.

एव्हाना हातात पिशव्या जड झाल्या असतील. उएनो स्टेशनवर नाण्यांचे लॉकर आहेत, बरेचसे सुइकावरही चालतात. लॉकरचा आणि जवळच्या दाराच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. इतक्या मोठ्या स्टेशनात लॉकर पुन्हा सापडणं हे स्वतंत्र काम आहे.

६. पाचनंतर अकिहाबारा

गिन्झा लाईनवर सुएहिरोचो, जी-१४. परतताना लक्षात ठेवा, सुएहिरोचोला दोन दिशांचे फलाट वेगळे आहेत आणि आतून जोडलेले नाहीत. चुकीच्या जिन्याने उतरून कार्ड लावलंत तर उलट दिशेच्या गाडीपुढे उभे राहाल. रस्त्यावरच पाटी वाचा.

विजेच्या वस्तू घेताना एकच गोष्ट पाहा, मागचा बारीक छापील मजकूर. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३०. ‘१००–२४०’ असं लिहिलेला चार्जर किंवा कॅमेरा बिनधास्त घ्या, दोन चपट्या पिनांसाठी ॲडॅप्टर पुरतो. नुसतं ‘१००’ लिहिलेला राइस कुकर किंवा केस वाळवायचं यंत्र भारतात लावलंत तर जळेल. मोठ्या दुकानांत परदेशी विजेसाठी बनवलेली मॉडेलं वेगळ्या कपाटात असतात, तीच मागा. जपानी बाजारातल्या बहुतेक फोनचा कॅमेऱ्याचा आवाज इथे बंद करता येत नाही, लॅपटॉपच्या कळा जपानी मांडणीच्या असतात आणि वॉरंटी बहुतेक वेळा जपानपुरतीच असते. हे तिन्ही चालत असेल तरच घ्या. जुने कॅमेरे, लेन्स आणि घड्याळं मात्र इथे आवर्जून बघण्यासारखी. वापरलेल्या वस्तूवरचा प्रत्येक ओरखडा दुकानदार चिठ्ठीवर लिहून ठेवतो.

मुलं बरोबर असतील तर कॅप्सूल खेळण्यांच्या यंत्रांसमोर १०० येनची ती नाणी कामी येतील.

७. करमाफी: नियम बदलतोय

जपानमध्ये विक्रीकर १० टक्के आहे, खाद्यपदार्थांवर ८ टक्के. पर्यटकाने एका दुकानात एका दिवसात करापूर्वी ५,००० येन किंवा जास्त खरेदी केली तर तो माफ होतो. दहा दुकानांत हजार-हजार खर्च केले तर काही मिळत नाही, म्हणून औषधं, प्रसाधनं आणि खाऊ शक्यतो एकाच दुकानातून घ्या.

३१ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या पद्धतीत पासपोर्ट दाखवला की दुकानातच कर वजा होतो. खाऊ-प्रसाधनं सीलबंद पिशवीत मिळतात, ती पिशवी जपानमध्ये फोडायची नाही. १ नोव्हेंबर २०२६पासून दुकानात कर भरून बिल करायचं आणि देश सोडताना विमानतळावर कस्टम्सने खातरजमा केल्यावर पैसे परत, अशी पद्धत आहे. सीलबंद पिशवीची अट त्यात राहत नाही.

इथे राहणाऱ्या नातेवाइकांकडे उतरला असाल तर त्यांना पैसे देऊ देऊ नका. निवासी कार्ड असलेल्याला ही सवलत नाही, आणि पासपोर्ट व पैसे भरायचं कार्ड एकाच माणसाचं आहे का हे दुकानं बघतात.

नव्या पद्धतीत विमानतळावरचा क्रम महत्त्वाचा आहे. सुरी चेक-इनच्या बॅगेतच जाणार, केबिनमध्ये नाही. पण कस्टम्सने वस्तू पाहायला मागितली तर ती दाखवता आली पाहिजे. म्हणून बॅग एअरलाइनच्या काउंटरवर देण्याआधी कस्टम्सचं काम उरका, सुरीचा डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि विमानतळावर एरवीपेक्षा तासभर लवकर पोचा.